माळ्यावरचे अहवाल

भाची गेल्या जूनमध्ये अमेरिकेहून आली. पहाटे उतरली, आणि दुपारच्या चहापर्यंत ठाण्यातल्या आमच्या नौपाड्याच्या इमारतीत तिला तीन जणांनी एकच प्रश्न विचारून झाला होता: "मग, आता इकडे येणार की तिकडचीच होणार?" तळमजल्यावरच्या काकूंनी प्रेमानं विचारलं, इस्त्रीवाल्यानं सवयीनं, आणि बँकेतल्या माझ्या एका जुन्या सहकाऱ्यानं जरा खोचकपणे. त्यानं पुढे जोडलंही, "आपल्या पैशानं शिकायचं आणि चाकरी त्यांची करायची!" ती काय शिकते, हे मात्र कुणी विचारलं नाही. फायनान्समध्ये पीएचडी करते एवढं कळल्यावर काकू म्हणाल्या, "म्हणजे सीएसारखंच ना?" भाचीनं "जवळपास" म्हणून विषय मिटवला.

खरं तर तिचा विषय काकूंच्या कपाटातला आहे. काकूंच्या ठेवी दोन सहकारी बँकांत आणि एका पतसंस्थेत विखुरलेल्या आहेत. एखादी सहकारी बँक अडचणीत आली की शेजारच्या धडधाकट बँकेतले ठेवीदार काय करतात, पहिल्या दिवशी रांगेत कोण उभं राहतं, कोण थांबतं, आणि त्या धक्क्यानंतर छोट्या दुकानदाराला मिळणारं कर्ज किती आटतं, यावर ती काम करते. अभ्यासाचं क्षेत्र ठाणे जिल्हा. म्हणजे हिवाळ्यात गुडघाभर बर्फात बुडणाऱ्या एका गावी बसून ही मुलगी गोखले रोडवरच्या ठेवीदारांचा अभ्यास करते. ती परत येणार का, याची चौकशी सगळे करतात. मुळात हा अभ्यास करायला तिला तिकडे का जावं लागलं, हे विचारायला कुणाला सुचत नाही. माझ्या मते सार्वजनिक चर्चेचा प्रश्न हा आहे, आणि त्याचं उत्तर आपल्याला फारसं शोभणारं नाही.

आधी त्या 'आपल्या पैशा'चा हिशेब. 'परदेशी शिकायला जाणं' या एकाच पिशवीत आपण दोन निराळी माणसं कोंबतो. पहिला जातो एमएस किंवा एमबीएला. त्याची फी डॉलरात आणि बापाचा पगार रुपयात. ठाणे स्टेशनबाहेरच्या जाहिरातींत ज्याच्या टोपी उडवण्याचा फोटो असतो तो हा. घोडबंदरचा फ्लॅट तारण ठेवून चाळीस-पन्नास लाखांचं कर्ज काढणारी कुटुंबं माझ्या ओळखीत पाच-सहा तरी आहेत. डिसेंबर २०२५ मध्ये डॉलरनं नव्वदी ओलांडली, तेव्हा त्यांतल्या एका गृहस्थानं मला सकाळी सात वाजता फोन केला होता. पुढच्या सेमिस्टरची फी अजून भरायची होती. रिझर्व्ह बँकेची आकडेवारी पाहिली तर उदारीकृत प्रेषण योजनेतून, म्हणजे व्यक्तींना परदेशी पैसे पाठवता येतात त्या वाटेनं, परदेशी शिक्षणासाठी २०२१-२२ मध्ये पाच अब्ज डॉलरच्या वर रक्कम गेली होती, ती २०२४-२५ मध्ये तीन अब्जांच्या खाली आली. लोकांनी हात आखडता घेतलाय, तो उगाच नाही.

दुसरं माणूस म्हणजे भाचीसारखं. अमेरिकेतली फायनान्सची किंवा अर्थशास्त्राची पीएचडी साधारण पाच-सहा वर्षांची. चांगल्या विद्यापीठात तिची फी माफ असते, वर दरमहा विद्यावेतन मिळतं. त्या बदल्यात पदवीच्या पोरांचे गृहपाठ तपासायचे, प्राध्यापकाच्या प्रकल्पावर राबायचं. पहिली दोन वर्षं गणितात आणि संख्याशास्त्रात पिळून निघतात, मग एक मोठी परीक्षा, तिच्यात नापास झाला तर सामान बांधायचं. पास झाला तर पुढची वर्षं एका प्रश्नाच्या मागे. भाचीनं घरून एक रुपया नेलेला नाही. ती ठाण्याच्या अनुदानित महाविद्यालयात शिकली, तेवढा करदात्यांचा पैसा तिच्यावर खर्च झाला हे खरं, आणि ते तीही नाकारत नाही. पण पुढची सहा वर्षं तिला पोसतंय ते तिकडचं विद्यापीठ, आणि प्रश्न चाललाय आपल्या ठेवींचा. बँकेतल्या माझ्या त्या मित्राच्या वाक्यातलं कोण कुणाची चाकरी करतंय, हे जरा उलटं तपासायला हवं.

आता माळ्याकडे येतो.

बँकेत मी बत्तीस वर्षं काढली. नोकरी एका नागरी सहकारी बँकेत, आणि सभासदत्व आणखी चार-पाच पतसंस्थांचं, कारण आमच्या पिढीत प्रत्येक मित्र कुठल्या तरी पतसंस्थेचा संचालक होता आणि शेअर घ्या म्हणून मागे लागायचा. दर वर्षी सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा. हॉलच्या दाराशी सही करायची, वडा-पेढ्याचं पाकीट घ्यायचं, सोबत अहवालाची पुस्तिका. पहिल्या पानावर अध्यक्षांचा फोटो, दुसऱ्यावर श्रद्धांजली, मग "सन्माननीय सभासद बंधू-भगिनींनो". लोक पाकीट खाऊन अहवाल खुर्चीवर ठेवून जायचे. मी घरी आणायचो. का, ते सांगता येणार नाही. सवय. साडीच्या प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून ते माळ्यावर जात राहिले, आणि बायको दर दिवाळीला ते रद्दीत घालायची धमकी देत राहिली.

भाचीला हे कळलं तेव्हा ती शिडीवर चढली ती दोन तासांनी धुळीनं पांढरी होऊन उतरली. पुढचे नऊ दिवस आमच्या गॅलरीत एकच काम चाललं. चटईवर अहवाल उघडायचा, दोन बाजूंना पोळपाट आणि वरवंटा ठेवून पानं सपाट करायची, मोबाइलनं फोटो घ्यायचा, पान उलटायचं. भागभांडवल, राखीव निधी, ठेवी, कर्जं, गुंतवणूक, थकबाकी, ऑडिट वर्ग, लाभांश. मी आयुष्यभर हे शब्द लिहिले, पण सव्वीस-सत्तावीस वर्षांची ओळ एकाखाली एक मांडून कधी पाहिली नव्हती. तिनं तिसऱ्या दिवशी मला बोलावलं. "मामा, हे बघ." एका पतसंस्थेच्या अहवालात थकबाकीचं मुदतवार कोष्टक दर वर्षी असायचं: सहा महिने, वर्ष, तीन वर्षं, त्याहून जास्त. २०१९-२० च्या अहवालात ते कोष्टक नव्हतं. पुढेही नव्हतं. त्याच्या जागी संस्थेच्या वर्धापनदिनाचे रंगीत फोटो होते. मी त्या सभेला हजर होतो, पाकीटही घेतलं होतं. माझ्या लक्षात आलं नव्हतं.

ते साल का महत्त्वाचं, हे मुंबई-ठाण्याच्या ठेवीदाराला सांगायला नको. २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेनं पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आणले. सुरुवातीला एका खात्यातून काढता येणार होते फक्त १,००० रुपये. ४ फेब्रुवारी २०२० पासून ठेवींचं विमासंरक्षण एक लाखावरून पाच लाखांवर गेलं, त्यामागे ही घटना होती. पण हे संरक्षण बँकांपुरतं आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते लागू नाही, कारण पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाही, ती येते सहकार निबंधकाच्या कक्षेत. आमच्या तळमजल्यावरच्या काकूंना हा फरक माहीत नव्हता. भाचीनं सांगितल्यावर त्या दोन दिवस तिच्याशी जरा तुटकच वागल्या.

घाबरलेला ठेवीदार हा अर्थशास्त्रातला किरकोळ विषय नव्हे. चांगली बँकसुद्धा नुसत्या भीतीनं बुडू शकते, हे गणितानं मांडणारा डायमंड आणि डिब्विग यांचा निबंध १९८३ चा. २०२२ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना आणि बर्नान्के यांना मिळालं. पण माणसं प्रत्यक्षात कशी पळतात, हे पाहायचं तर खरी रांग हवी. ती सापडली गुजरातेत. २००१ मध्ये माधवपुरा मर्कंटाइल सहकारी बँक कोसळली आणि तिच्याशी फारसा संबंध नसलेल्या दुसऱ्या एका सहकारी बँकेच्या दारात गर्दी झाली. राजकमल अय्यर आणि मंजू पुरी या संशोधकांनी त्या दुसऱ्या बँकेच्या नोंदी मिळवल्या आणि कुणी कधी पैसे काढले ते खातेनिहाय तपासलं. ज्यांचं बँकेशी नातं जुनं होतं, ज्यांनी तिथून कर्ज घेतलेलं होतं, ते कमी पळाले. विम्याच्या मर्यादेपेक्षा ज्यांची ठेव जास्त होती ते जास्त पळाले. आणि ज्याच्या ओळखीची माणसं पळाली, तोही पळाला. हा अभ्यास २०१२ मध्ये 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'त आला.

ओळखीची माणसं कोण, हे त्यांना कसं कळलं असेल? खातं उघडायच्या फॉर्मवरून. आमच्या पिढीच्या बँकवाल्याला तो रकाना पाठ आहे: 'ओळख देणाऱ्याचं नाव, खाते क्रमांक व सही'. जुन्या खातेदारानं ओळख दिल्याशिवाय नवं खातं उघडत नसे. त्या एका रकान्यातून अख्ख्या गावाचं जाळं उभं करता येतं: कोणी कोणाला आणलं, कुठल्या सोसायटीनं, कुठल्या गावच्या मंडळानं. मी असे हजारो फॉर्म तपासलेत. सही जुळली नाही म्हणून परत पाठवलेत. पुढे केवायसी आली, आधार-पॅन आले, ओळख देणाऱ्याची गरज संपली. आणि नोंदी जपण्याची कायदेशीर मुदत उलटल्यावर बंद खात्यांच्या फॉर्मांचे गठ्ठे मी स्वतः उभं राहून लगद्यासाठी रवाना केले. दोन टेम्पो भरले होते. पावतीवर वजन लिहून सही केली. नियमाप्रमाणे मी चुकलो नाही. पण भाची त्या रकान्याबद्दल बोलायला लागली तेव्हा मला ते टेम्पो आठवले आणि मी आत जाऊन पाणी प्यायलो.

आमच्या बँकेत तेव्हा एकही माणूस असा नव्हता, ज्यानं म्हटलं असतं की साहेब, थांबा, यात कुणाला तरी रस असू शकेल. कारण असा रस असणारं माणूस आमच्या पाहण्यात कधी आलंच नव्हतं. एखाद्या महाविद्यालयाचा प्रकल्पवाला विद्यार्थी यायचा, 'ग्राहक समाधान' यावर दहा प्रश्नांचा कागद भरून न्यायचा. मी तो जेवणाच्या सुट्टीत एकटाच दहाही जणांच्या नावानं भरून द्यायचो. पीएचडीच्या कामाची इज्जत आमच्या लेखी एवढीच होती. डिसेंबर २०२३ च्या नागपूर अधिवेशनात, फेलोशिपच्या जागा कमी केल्याबद्दल प्रश्न निघाला तेव्हा, पीएचडी करून ही पोरं काय दिवे लावणार आहेत, असा सवाल सरकारी बाकांवरून आला. बराच गदारोळ झाला, खुलासाही झाला. मला त्या वाक्याचा राग आला नाही. मी ओशाळलो. जेवणाच्या सुट्टीत दहा कागद भरताना माझ्या मनात तेच वाक्य होतं.

आणि हे घडतंय कुठे? ज्या महाराष्ट्रातून परदेशी जाऊन पैशाचा अभ्यास करणारा सर्वांत मोठा विद्यार्थी निघाला, तिथे. बडोद्याच्या सयाजीरावांची शिष्यवृत्ती घेऊन डॉ. आंबेडकर १९१३ मध्ये न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये. शिष्यवृत्ती संपली, १९१७ मध्ये परतावं लागलं, पुस्तकांचं सामान ज्या बोटीतून येत होतं ती बुडवली गेली. मुंबईच्या सिडनेहॅम महाविद्यालयात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत झाली, १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठलं. १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावर डी.एस्सी. मिळवली. कोलंबियाच्या डॉक्टरेटचा विषय होता ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतांचा वित्तव्यवहार. दोन्ही विषय इथल्या पैशाचे. ते तिकडे का करावे लागले? एक कारण साधं होतं: कागद तिकडे होते. इंडिया ऑफिसच्या आणि ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात. आपल्या खजिन्याचा हिशेब राज्यकर्त्यांच्या गावी ठेवलेला होता, आणि तो वाचायला हा माणूस अर्धपोटी राहून तिथे बसला. वाचून १९२५ मध्ये चलनाच्या प्रश्नावरच्या हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष द्यायला तो मुंबईतच होता.

आता कागद कुठे आहेत? इथे. निबंधकाच्या कचेरीत, लेखापरीक्षकाच्या कपाटात, माझ्या माळ्यावर. आणि मुलगी गेलीय तिकडे. शंभर वर्षांत कागद मायदेशी आले आणि वाचणारा गेला, अशी ही अदलाबदल.

त्यात २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या नियमांत एक कलम घातलं गेलं. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास किंवा भारतावरचा सामाजिक अभ्यास हा विषय असेल तर या शिष्यवृत्तीतून परदेशी जाता येणार नाही. ही शिष्यवृत्ती अनुसूचित जाती, भटक्या-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर अशा घरांतल्या मुलांसाठी आहे. भारताचा अभ्यास भारतात होतो, परदेशात कशाला, असं त्यामागचं म्हणणं. ऐकायला बरोबर वाटतं. पण 'भारतावरचा सामाजिक अभ्यास' यात प्रांतांचा वित्तव्यवहार बसवायचा की नाही, हे ठरवणार कोण? टेबलापलीकडचा कारकून. १९१३ मध्ये बडोद्यानं हा नियम लावला असता तर काय झालं असतं, हे मी लिहीत नाही, वाचकाला समजतं. शिवाय त्या म्हणण्यातला 'भारतात होतो' हा भाग तपासून पाहिला तर काय दिसतं?

भाचीनं तो तपासला. ठाण्यातल्या एका सरकारी कार्यालयात आम्ही दोघं तीन वेळा गेलो. जिल्ह्यातल्या पतसंस्थांची लेखापरीक्षित ताळेबंदं दर वर्षी दाखल होतात, ती पाहायला मिळावीत, नावं झाकलेली असली तरी चालतील, असा तिचा अर्ज. विद्यापीठाचं शिक्क्याचं पत्र सोबत. पहिल्या दिवशीचा संवाद असा.

"तुम्ही सभासद आहात का?"

"नाही."

"वकील?"

"नाही."

"पेपरवाल्या?"

"नाही, विद्यार्थी."

"मग तुम्हाला कशाला पाहिजे?"

त्या गृहस्थांना मी दोष देत नाही. त्यांनी आम्हाला खुर्ची दिली, पाणी दिलं. त्यांच्या टेबलावर चार माणसांचं काम होतं आणि तिघांच्या जागा रिकाम्या होत्या. कुणी भानगडीसाठी येतं, कुणी वसुलीसाठी येतं. निव्वळ समजून घेण्यासाठी कुणी येतं, असा चौथा रकाना त्यांच्या अनुभवात नव्हता. तिसऱ्या खेपेला त्यांनी मोकळेपणानं सांगितलं, "माहिती अधिकारात टाका, मग वरून काय येईल ते."

माहिती अधिकाराची वाटही वाटते तेवढी सरळ नाही. २०१३ मध्ये थलप्पलम सहकारी बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की सहकारी संस्था या सरसकट 'सार्वजनिक प्राधिकरण', म्हणजे या कायद्याखाली माहिती द्यायला बांधील, ठरत नाहीत. त्याच निकालात हेही आहे, की निबंधकाला कायद्यानं जी माहिती मागवता येते ती निबंधकाकडून मागता येईल. दार बंद, खिडकी किलकिली. २०१५ मध्ये जयंतीलाल मिस्त्री प्रकरणात न्यायालयानं रिझर्व्ह बँकेलाही सांगितलं, की बँकांच्या तपासणीची माहिती गुपित म्हणून दडवता येणार नाही. म्हणजे कायद्याचा कल उघडेपणाकडे आहे. टेबलाचा कल तसा नाही. आणि एकेका संस्थेसाठी एकेक अर्ज, एकेक अपील करत बसायचं तर पीएचडीची सहा वर्षं ठाण्याच्या जिन्यांवर जातील.

माझ्या मित्राचा पुढचा मुद्दा मात्र मला उडवून लावता येत नाही. तो म्हणतो, "तुझी भाची इथून फोटो काढून नेणार, तिकडे इंग्रजीत निबंध छापणार, तो वाचायला आपल्याला पैसे मोजावे लागणार, आणि तिला तिकडे प्राध्यापकी. आपल्याला काय मिळालं? पूर्वी कापूस न्यायचे, आता आकडे नेतात." यातला सल खरा आहे. गुजरातच्या त्या बँकेच्या ठेवीदारांपैकी कितींना माहीत असेल, की त्यांच्या घबराटीवर जगभरच्या वर्गांत शिकवलं जातं? मराठीत त्यावर चार ओळी मी तरी वाचल्या नाहीत. भाचीला मी हे ऐकवलं तेव्हा ती गप्प राहिली, आणि मग म्हणाली, "मराठीत लिहिलं तर माझा प्रबंध तपासणाऱ्या कमिटीत कोण वाचणार, आणि इंग्रजीत लिहिलं तर तुझ्या सभेत कोण वाचणार?" हे उत्तर नव्हे, हे तिलाही ठाऊक होतं. पण कापसाच्या उपमेत एक खोट आहे. कापूस नेला की इथे उरत नाही. आकडे नेले तरी माळ्यावर असतातच. आपण ते कातले नाहीत, ही तक्रार आपली आपल्याशीच करायला हवी.

सूत कातायची सोय आपल्याकडे होणार, असं आता सांगितलं जातंय. नवी मुंबई विमानतळाजवळ सिडकोच्या, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाच्या जमिनीवर 'एज्युसिटी' हे परदेशी विद्यापीठांचं संकुल येतेय. १४ जून २०२५ रोजी पाच परदेशी संस्थांना इरादापत्रं दिली गेली: अ‍ॅबर्डीन, यॉर्क, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि इटलीची एक डिझाइन संस्था. त्याच विमानतळावरून २५ डिसेंबरला विमानं उडायला लागली. पनवेल-उलव्याच्या दलालांनी फ्लॅटच्या जाहिरातींत 'एज्युसिटीपासून दहा मिनिटं' छापायला सुरुवातही केली. आता परदेशी जायची गरजच नाही, असा सूर ऐकू येतो.

पहिल्या प्रकारच्या विद्यार्थ्यासाठी, म्हणजे टोपी उडवणाऱ्यासाठी, ही सोय चांगली ठरू शकेल. राहण्याचा खर्च वाचेल, घोडबंदरचा फ्लॅट तारणातून सुटेल. माझा त्याला विरोध नाही. पण भाचीच्या प्रश्नाला एज्युसिटीत जागा आहे का? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांनुसार अशी विद्यापीठं आपली फी आणि प्रवेश स्वतः ठरवणार. म्हणजे ती चालणार शुल्कावर. शुल्कावर चालणारी संस्था वर्ग भरते. ज्याच्याकडून फी घ्यायची नाही, उलट ज्याला सहा वर्षं पोसायचं आणि ज्याचा प्रश्न कदाचित फसेल, असा विद्यार्थी ती कशाला ठेवील? तिकडच्या मूळ विद्यापीठात हे जमतं, कारण मागे जुन्या देणग्या आहेत, सरकारी संशोधन निधी आहे, पदवीची फी भरणारे हजारो विद्यार्थी आहेत. इमारत आणता येते, नाव आणता येतं, ही मागची गंगाजळी विमानानं येत नाही.

गंमत अशी, की याच नवी मुंबईत कच्चा माल पसरलेला आहे. वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत कांद्याच्या गाळ्यावर उधारी कशी फिरते, व्यापारी शेतकऱ्याला आगाऊ रक्कम कुठल्या भरवशावर देतो, हा अख्खा प्रबंध आहे. सिडकोनं १९७० पासून जमीन घेऊन, विकसित करून, विकून एक शहर उभं केलं. शहराचा भांडवली खर्च जमिनीच्या किमतीतून कसा निघाला, हा दुसरा. जमिनी गेलेल्यांना मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांचं पुढे काय झालं, कुणाच्या हाती किती पैसा राहिला, हा तिसरा, आणि तो आगरी-कोळी घरांतल्या एखाद्या मुलीनं लिहिला तर त्याला वेगळीच धार येईल. बेलापूरला रिझर्व्ह बँकेचं कार्यालय आहे. पण पोट भरणारी फेलोशिप नसेल तर हा प्रबंध होणार कसा? यूजीसीची कनिष्ठ संशोधन फेलोशिप जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे. रक्कम अगदीच वाईट नाही. ती मिळते थोड्यांना, आणि मिळाली तरी महिनोन् महिने खात्यात येत नाही, ही रड आहे. भाचीची एक मैत्रीण इथेच पीएचडी करते. ती कळव्याला क्लास घेते, संध्याकाळी सहा ते नऊ, अकरावीची अकाउंट्स. संशोधन रात्री दहानंतर.

तिकडेही आता सगळं गोडगोड राहिलेलं नाही, हेही सांगायला हवं. अर्थशास्त्राच्या कितीतरी विभागांनी आपल्या अभ्यासक्रमाचा सरकारी संकेतांक बदलून तो 'इकॉनॉमेट्रिक्स'च्या खान्यात टाकला, कारण त्या खान्यातल्या परदेशी विद्यार्थ्याला शिक्षणानंतर एकाऐवजी तीन वर्षं काम करता येतं. कागदावरच्या संकेतांकातला एवढासा फेरफार आणि हजारो पोरांचं नशीब. पण ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकी सरकारनं विद्यार्थ्यांचा मुक्काम चार वर्षांवर आणण्याचा प्रस्ताव मांडला. पीएचडी पाच-सहा वर्षांची असते, हे मांडणाऱ्याला माहीत नसेल असं नाही. सप्टेंबरमध्ये नव्या एच-१बी, म्हणजे नोकरीच्या व्हिसाच्या अर्जावर एक लाख डॉलर शुल्क लावलं गेलं. भाचीच्या तोंडी 'तिकडचीच होणार' हा पर्याय आता आधीइतका सहज येत नाही. म्हणून म्हणतो, ही वेळ आपल्याला अनुकूल आहे. माणसं परतायला तयार आहेत. प्रश्न एवढाच, की ती येऊन बसणार कुठे आणि वाचणार काय?

मला जे हवंय ते एज्युसिटीच्या मानानं फारच स्वस्त आहे. निबंधकाकडे दर वर्षी येणारी ताळेबंदं, सभासदांची नावं वगळून, एका ठिकाणी, कुणालाही उतरवून घेता येतील अशी ठेवा. संस्थांची नावं उघड झाली तर ठेवीदार पळतील, अशी भीती घातली जाते. पण ताळेबंद तर सभेत छापून वाटलेलाच असतो, वड्याच्या पाकिटासोबत. नोंदी लगद्याला पाठवण्यापूर्वी नमुन्यादाखल काही भाग कुठल्या तरी संग्रहात द्यावा, असा नियम करा. कुठल्या संग्रहात? ठाण्यात ती परंपरा नव्यानं सुरू करायची गरज नाही. आमचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं आहे. मराठी पुस्तकं कुणीतरी एका ठिकाणी जपून ठेवायला हवीत, हे ज्या गावाला तेव्हा सुचलं, त्याला पतसंस्थेचा अहवाल हेही मराठी पुस्तकच आहे हे पटायला हरकत नसावी. भाषा तर अस्सल आहे: "संस्थेची आर्थिक स्थिती समाधानकारक असून..." या एका वाक्यावर मी स्वतः बत्तीस वर्षं काढली. आणि परदेशी शिष्यवृत्तीच्या अटींतून विषयाची ती चाळणी काढून टाका. मुलीला ठाण्याचा अभ्यास शिकागोत बसून करायचा असेल तर करू द्या. तिथे तिला डायमंड भेटतील, इथे कागद भेटतील. बदल्यात एक अट घाला, मी स्वतः त्या अटीला पाठिंबा देईन: काम झालं की त्याचा सार मराठीत, दहा-वीस पानांत, जिथून आकडे नेले त्या गावात येऊन मांडायचा. भाचीनं हे मान्य केलंय. काकूंच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये पहिलं व्याख्यान ठरलंय, तारीख तिच्या कमिटीवर अवलंबून.

ती ऑगस्टमध्ये परत गेली. तिच्या तक्त्यात एका पतसंस्थेची दोन वर्षं रिकामी आहेत, २००३-०४ आणि २००८-०९. त्या सभांना मी गेलो नव्हतो. एकदा आईचं आजारपण, एकदा कंटाळा. तलावपाळीवरच्या सकाळच्या मंडळींत मी जाहीर करून ठेवलंय, की ज्याच्याकडे ते अहवाल असतील त्याला माझ्याकडून मामलेदारची मिसळ. पाचपाखाडीच्या एका गृहस्थांकडे २००८-०९ चा निघाला. कसरीनं कडा खाल्ल्यात, पण थकबाकीचं पान शाबूत आहे.